रस्त्यात पुरायच्या ट्रामलाइनसाठी पेको कोड १००: इथे उंच रूळच कामाचा

पेको कंपनीची स्ट्रीमलाइन कोड १०० लवचिक रूळपट्टी (एसएल-१००) रेल्वेच्या मॉडेलसाठी बनलेली आहे, ट्रामसाठी नाही. तरीही ऑस्ट्रेलियातल्या एखाद्या काल्पनिक गावाची ट्राम एचओ मापात, म्हणजे १:८७ ला करायची असेल, तर रूळ म्हणून हीच घ्या. मात्र ती कशी आणि कुठल्या ऋतूत बसवायची, यावर सगळं अवलंबून आहे. जळगाव-भुसावळच्या उन्हात तर जास्तच.

आधी मापं. एक पट्टी ९१४ मिमीची, गेज (दोन रुळांमधलं अंतर) १६.५ मिमी. व्हिक्टोरिया राज्यातल्या बॅलरॅट आणि बेंडिगोच्या ट्राम १४३५ मिमी गेजवर धावत. बॅलरॅटची सेवा १९७१ मध्ये बंद झाली, बेंडिगोची १९७२ मध्ये. १४३५ ला ८७ ने भागलं की १६.४९ येतं, म्हणजे गेज चोख जुळतं. त्याच राज्यातली मोठी रेल्वे मात्र १६०० मिमीची, मापात १८.४. तयार रूळ १६.५ चेच मिळतात, म्हणून देखाव्यात स्टेशन असेल तर दोन्ही लाइनी शेजारी-शेजारी टाकू नका, जाणकाराच्या डोळ्यांत खुपतात. पाचोरा-जामनेरची पीजे ही छोटी रेल्वे करायची असेल, तर ही पट्टी तुमच्यासाठी नाहीच. ७६२ मिमीचं गेज १:८७ ला ८.७६ होतं, त्याला ९ मिमीची नॅरोगेज पट्टी लागते.

कोड १०० म्हणजे रुळाची उंची ०.१०० इंच, २.५४ मिमी. रेल्वेवाले तिला नाकं मुरडतात. रूळ जाड दिसतो, स्लीपर जवळजवळ बसतात, म्हणून ते कोड ७५ कडे वळतात. रस्त्यातल्या ट्रामला हा आक्षेप लागूच पडत नाही. स्लीपर आणि रुळाचा पोट-पाय सगळं डांबराखाली जातं, वर दिसते ती फक्त रुळाच्या डोक्याची चकाकती रेघ. उलट उंच रुळामुळे रस्त्याचा थर टाकायला आणि चाकाची फ्लँज (आतली उंच कड) खाली जायला जागा मिळते. जुन्या चाकांच्या खोल फ्लँजा कोड ७५ वर रूळ धरणाऱ्या प्लॅस्टिकच्या खिट्ट्यांवर आदळतात, कोड १०० वर सहसा नाही. त्यामुळे ट्रामच्या रस्त्यासाठी कोड ७५ ला जास्त पैसे घालू नका.

मोठी उणीव ही: खऱ्या ट्रामच्या रुळाला असते तशी खाच या रुळाला नाही. ती आपण करायची, आणि बहुतेक लेआउट इथेच बिघडतात. दोन रुळांमध्ये पीओपी ओतून ओल्यातच काडीने खाच ओढली, तर ती कुठे १ मिमी, कुठे २ मिमी होते आणि हलकी चारचाकी ट्राम प्रत्येक अरुंद जागी उचलली जाते. त्याऐवजी नेमप्लेट आणि साइनबोर्ड करणाऱ्या दुकानातून २ मिमी ॲक्रिलिकच्या पट्ट्या लेझरने कापून घ्या. जळगाव, धुळे, भुसावळ, तिन्हीकडे हे काम होतं. सरळ भागासाठी रुंदी १३.५ मिमी, म्हणजे दोन्ही बाजूंना दीड-दीड मिमीची खाच सुटते. पट्टीच्या खालच्या कडा कानशीने तिरप्या घासा, नाहीतर ती खिट्ट्यांवर चढून डुगडुगते. वरून ०.२५ मिमीचा कार्ड चिकटवला की रस्ता रुळाच्या डोक्यापेक्षा ०.३ मिमी खाली राहतो. हा फरक ठेवायलाच हवा. रस्ता रुळाच्या बरोबरीला आला, तर रूळ पुसताना दर वेळी रंगही निघतो.

पट्टीची लांबी १५० मिमीपेक्षा जास्त नको. ॲक्रिलिक उन्हाने रुळाच्या चौपट फुगतं. दोन तुकड्यांत ०.४ मिमी फट ठेवून ती रंगाने झाका. रुळांच्या बाहेरच्या बाजूला वॉल पुट्टी चालते, पण एका वेळी दीड मिमीपेक्षा जाड थर नको, वाळताना तडकते.

आता ऋतूचं. पत्र्याखालच्या किंवा गच्चीवरच्या खोलीत डिसेंबरच्या रात्री १० अंश आणि मेच्या दुपारी ४५ अंश, हा फरक धरूनच चालायचं. हा रूळ निकेल सिल्व्हरचा आहे, ज्यात नावापुरतीही चांदी नसते. तांबं, निकेल आणि जस्त असतं. ३५ अंशांच्या फरकात ९१४ मिमीचा रूळ जेमतेम अर्धा मिमी वाढतो. म्हणजे रूळ फारसा त्रास देत नाही, त्रास देतो पाया. पाया एक्सपीएस फोमचा (इन्सुलेशनच्या कडक फोमचा) असेल, तर तो याच फरकात १२०० मिमीला जवळपास ३ मिमी हलतो. अशा पायावर मे महिन्यात रूळ चिकटवला, तर थंडीत पाया आखडतो, रूळ तेवढा आखडत नाही आणि डिसेंबरमध्ये रूळ सापासारखा वाकडा होतो. लोक उन्हाळ्याला दोष देतात, खरं बिघडतं हिवाळ्यात. प्लायवूडचं उलटं आहे. लाकूड उष्णतेपेक्षा ओलाव्याने हलतं. जुलैच्या दमट हवेत प्लायवर रूळ बसवला, तर एप्रिलच्या कोरड्या हवेत प्लाय आखडतं, नेमका तेव्हाच रूळ वाढतो आणि सांधे एकमेकांवर दाबले जातात.

म्हणून पाया १२ मिमीच्या मरीन प्लायचा घ्या, त्यावर आयएस ७१० चा शिक्का बघा. दोन्ही तोंडं आणि चारही कडा सीलरने बंद करा. फक्त वरचं तोंड रंगवलं, तर फळी एका बाजूला वाकते. रूळ फेब्रुवारी-मार्चमध्ये बसवा. हवा कोरडी असते आणि तापमान मधलं. प्रत्येक सांध्यात पाव मिमी फट सोडा. सांध्याच्या दोन्ही बाजूंना ३० मिमी गोंद लावू नका.

वळण हा या पट्टीचा कमकुवत भाग. रस्त्याच्या कोपऱ्यावर ट्राम २० मीटर त्रिज्येत वळते, मापात २३० मिमी. कंपनीचीच तयार वळणं ३७१ मिमीपासून सुरू होतात, ती ट्रामला फार सैल. लवचिक पट्टी २३० ला नुसती हाताने वाकवली, तर प्लॅस्टिकच्या खिट्ट्या सुटतात, गेज आवळतं आणि वळणाचं कोनांत रूपांतर होतं. रूळ स्लीपरमधून ओढून काढा आणि १५-१६ इंची परातीच्या कडेवर हळूहळू वाकवा. परातीची त्रिज्या २०० मिमीच्या आसपास असते, हात सोडल्यावर रूळ थोडा उलटा उघडतो आणि २३० ला येऊन थांबतो. मग टोकाखालची कड घासून परत स्लीपरमध्ये सरकवा. ९० अंशांच्या वळणात आतला रूळ २६-२७ मिमी जास्त बाहेर येतो. तो सोनारी करवतीने कापा, पक्कडीने नाही. पक्कड रुळाचं टोक चेपते आणि जॉइनर (दोन रूळ जोडणारी क्लिप) चढत नाही. करवतीची पाती आणि बारीक कानशी सराफ बाजारात सोनारी हत्यारांच्या दुकानात मिळतात. वळणात दर ४० मिमीला पीसीबीची (तांबं चढवलेल्या सर्किट बोर्डाची) पट्टी रुळाखाली सोल्डर करा, मधलं तांबं कानशीने तोडून, नाहीतर शॉर्ट होतं. गेज व्हर्नियरने १६.७-१६.८ ठेवा. आतली ॲक्रिलिक पट्टी इथे १३.२ मिमी रुंद, आतली त्रिज्या २२३.४, बाहेरची २३६.६. हे दोन आकडे दुकानदाराला लिहूनच द्या.

बिर्नीसारखी चारचाकी ट्राम अशा वळणात सहज जाते. तिचा व्हीलबेस (पुढच्या-मागच्या आसांतलं अंतर) ८ फूट, म्हणजे मापात २८ मिमी. गिलाँग आणि बेंडिगो दोन्हीकडे बिर्नी धावल्या, त्यामुळे काल्पनिक गावालाही त्या शोभतात.

लहान गावात लाइन एकेरी आणि मधे-मधे क्रॉसिंगसाठी लूप. तिथे पेकोच्याच सेटट्रॅक या तयार रुळांच्या मालिकेतले दुसऱ्या त्रिज्येचे (४३८ मिमी) पॉइंट, म्हणजे लाइन बदलायचे रूळ, बसवा. स्ट्रीमलाइनचे ६१० मिमीचे छोटे पॉइंटसुद्धा रस्त्यात लांबट आणि रेल्वेछाप दिसतात. पॉइंटमधली दुहेरी झटक्याची स्प्रिंग हलक्या ट्रामला ढकलता येत नाही, ट्राम उलट बाजूने आली की घसरते. स्प्रिंग काढून टाका आणि तिथे ०.०१० इंची गिटारची तार बसवा. लूपवर ट्राम आपोआप डाव्या बाजूला जाते, ऑस्ट्रेलियातही रहदारी डावीकडूनच. स्प्रिंग काढल्यावर पात्याचा दाब कमी होतो आणि वीज तुटते, म्हणून पात्यांना (पॉइंटच्या हलणाऱ्या रुळांना) वेगळी तार सोल्डर करा. पात्यांच्या आसपास पुट्टी मुळीच नको, तिथे पातळ कार्ड पुरतो.

वीज प्रत्येक ९१४ मिमीच्या तुकड्याला स्वतंत्र द्या. जॉइनरवर भिस्त ठेवू नका, कारण सांधा रस्त्याखाली गेला की तो पुन्हा उघडता येत नाही. त्यामुळे रस्ता भरण्याआधी आठवडाभर रोज ट्राम चालवून बघा, मगच पुट्टीचा डबा उघडा.

तयार रस्त्यासह रूळ हवे असतील, तर काटो कंपनीची युनिट्राम ९ मिमी गेजमध्ये, म्हणजे एन या लहान मापात मिळते, मात्र ती दुहेरी लाइनीची. बेंडिगोसारख्या गावाच्या कडेला एकेरी लाइन हवी असेल, तर ती फसते.

शेवटचा मुद्दा धुळीचा. काळ्या मातीची बारीक धूळ खाचेत साठते, ओलसर झाली की कडक होते आणि फ्लँज तिच्यावर चढते. खाच बांबूच्या काडीने आठवड्यातून एकदा मोकळी करा, रुळाचं डोकं आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. पॉलिश पेपर वापरू नका, त्याच्या ओरखड्यांत मळ आणखी धरतो. आसपास जिनिंग असेल, तर हंगामात कापसाची तूस ट्रामच्या आसाला गुंडाळते. मोटर तापून जोर लावू लागली, की आधी चाकं उलटी करून चिमट्याने तूस काढा.