पसारा आवरताना: विकतचे डबे की घरातलेच खोके?

झाकणाचे प्लास्टिकचे डबे एकावर एक नीट बसतात, आतल्या वस्तूंना ओल आणि झुरळं लागू देत नाहीत. पण डबे आधी आणले की नको असलेलं सामानही त्यात जाऊन बसतं. पसारा तेवढाच राहतो, वर पैसेही जातात.

बुटांचे रिकामे खोके फुकटचे. झाकण काढून ड्रॉवरमध्ये ठेवले की चार्जर, वायरी, बॅटऱ्या एकमेकांत गुंतत नाहीत, आणि कोणता कप्पा किती मोठा हवा हे वापरता वापरता कळतं. पुठ्ठ्याला ओल मात्र सोसत नाही. सिंकखाली तो नकोच.

मी खोक्यांच्या बाजूने आहे. आधी नको ते काढून टाका, उरलेलं खोक्यांत लावा. डबा घ्यायचाच तर जागेचं माप घेऊन, तोही ओलसर कोपऱ्यापुरता.