अमेरिकेत डेंटल हायजीन: कम्युनिटी कॉलेज की विद्यापीठ?

अमेरिकेत डेंटल हायजीन, म्हणजे रुग्णांचे दात साफ करण्याचं आणि दातांचे आजार टाळण्याचं काम, शिकायचं तर दोन वाटा आहेत. एक कम्युनिटी कॉलेजमधली, म्हणजे स्थानिक सरकारी कॉलेजातली, दोन वर्षांची असोसिएट पदवी, दुसरी विद्यापीठातली चार वर्षांची बॅचलर्स. मी आधी दुसऱ्या वाटेने निघालो, वर्षभर चाललो आणि मग पहिल्या वाटेवर आलो. त्यामुळे माझं माप थोडं एका बाजूला झुकलेलं असेल, हे धरूनच पुढचं वाचा.

लायसन्सच्या बाबतीत दोन्हीत काही फरक नाही. कॉलेजच्या कार्यक्रमाला 'कोडा'ची (दंतशिक्षणाचे अभ्यासक्रम तपासणाऱ्या अमेरिकी संस्थेची) मान्यता हवी, ती आहे की नाही हे सर्वांत आधी बघा. पुढे दोघांनाही तीच ३५० प्रश्नांची राष्ट्रीय बोर्ड परीक्षा आणि राज्याला लागणारी क्लिनिकल परीक्षा द्यावी लागते. नोकरीच्या मुलाखतींत मला लायसन्सबद्दल आणि हाताच्या कामाबद्दल विचारलं गेलं. पदवी दोन वर्षांची की चार, हे कुणी काढलं नाही.

'दोन वर्षांचा कोर्स' हे नाव मात्र फसवं आहे. ही दोन वर्षं प्रवेश मिळाल्यानंतरची. त्याआधी ॲनाटॉमी-फिजिऑलॉजीचे दोन भाग, मायक्रोबायॉलॉजी, केमिस्ट्री, इंग्रजी लेखन, मानसशास्त्र, समाजशास्त्र आणि बऱ्याच ठिकाणी भाषणकला असे विषय करून यावे लागतात, आणि शास्त्राचे विषय प्रयोगशाळेसह. मी पाहिलेल्या कम्युनिटी कॉलेजांत ही यादी साधारण ३० क्रेडिट्सची होती (क्रेडिट म्हणजे विषयाचा अभ्यासभार मोजायचं माप). विद्यापीठात पहिली दोन वर्षं तुम्ही नुसते 'प्री-डेंटल हायजीन' असता. संख्याशास्त्र, पोषणशास्त्र आणि पदवीचे बाकीचे सक्तीचे विषय धरून ६० च्या आसपास क्रेडिट्स झाली की मुख्य कार्यक्रमासाठी पुन्हा अर्ज करायचा. म्हणजे विद्यापीठात प्रवेश मिळाला तरी हायजीनला मिळालाच असं नाही. हे मला पहिल्या दिवशी कुणी नीट सांगितलं असतं तर फार बरं झालं असतं.

माझा निर्णय मात्र एकाच गोष्टीने झाला. बहुतेक ठिकाणी शास्त्राच्या विषयांना मुदत असते. सहसा पाच वर्षं, काही ठिकाणी सात. भारतातली माझी बी.एस्सी. मूल्यांकनात पदवी म्हणून मान्य झाली, पण तिच्यातली केमिस्ट्री शिळी ठरली, कारण तिला अकरा वर्षं झाली होती. ते मी समजून घेतलं आणि केमिस्ट्री पुन्हा करायची ठरवली. पण मी दिवसा नोकरी करत होतो, सेमिस्टरला दोनच विषय झेपत होते. उत्साहात पहिल्याच वर्षी ॲनाटॉमी-फिजिऑलॉजीचे दोन्ही भाग घेतले, चांगले गुणही मिळाले. मग एका संध्याकाळी कॅलेंडर घेऊन बसलो. त्या वेगाने ६० क्रेडिट्स व्हायला चार वर्षं लागणार होती. पहिल्या अर्जाच्या वेळी माझी ॲनाटॉमी तीन वर्षांची, दुसऱ्या अर्जाला चार, आणि तिसऱ्याची वेळ आली तर मुदत संपल्यात जमा. जागा तर मोजक्याच असतात, कारण क्लिनिकमध्ये एका शिक्षकामागे किती विद्यार्थी चालतील यालाच मर्यादा आहे. पहिल्या फटक्यात नंबर लागेल अशी खात्री कुणी देऊ शकत नाही. ज्या विषयासाठी रात्री जागून हाडांची नावं पाठ केली, तो अर्जाच्या रांगेत उभ्या-उभ्या बाद व्हावा, हे मला सहन होईना.

कम्युनिटी कॉलेजातही मुदतीचा नियम होताच. पण यादी आखूड, त्यामुळे घड्याळाला मागे टाकता आलं. पहिल्या वर्षी माझा नंबर लागला नाही, दुसऱ्या वर्षी लागला. तेव्हा ॲनाटॉमी तीन वर्षांची होती.

निवडीची पद्धत कॉलेजागणिक बदलते. काही ठिकाणी गुणांकन असतं: शास्त्रातल्या ग्रेडला जास्त गुण, डेंटल असिस्टंट म्हणून काम केलं असेल तर वरचे गुण, विषय पुन्हा केला असेल तर कपात. काही ठिकाणी प्रतीक्षा यादी असते. किमान 'सी' चालतो असं लिहिलेलं असतं, पण त्यावर विसंबू नये. मी ज्या रांगेत होतो तिथे 'सी' वाल्यांचा निभाव लागताना मला दिसला नाही. हेपटायटिस बीच्या लशी, टीबीची तपासणी, सीपीआरचं प्रमाणपत्र, पार्श्वभूमी तपासणी हे दोन्हीकडे आहेच. त्यातली लस आधी सुरू करा, तीन डोसांना सहा महिने जातात.

विद्यापीठाची बाजूही खरी आहे. १९१३ साली कनेक्टिकटमधल्या ब्रिजपोर्टला आल्फ्रेड फोन्स या डेंटिस्टने हायजिनिस्टांचा पहिला वर्ग भरवला, तो शाळकरी मुलांच्या दातांसाठी. तुम्हाला आजही त्या बाजूला, म्हणजे सार्वजनिक आरोग्यात, अध्यापनात किंवा संशोधनात जायचं असेल तर बॅचलर्स सहसा लागते. बारावीनंतर लगेच येणाऱ्या, पूर्णवेळ शिकू शकणाऱ्या मुलामुलींना मी विद्यापीठापासून परावृत्त करणार नाही. त्यांना मुदतीचा काच जाणवतच नाही. पण नोकरी, संसार सांभाळून शिकणाऱ्याने आधी असोसिएट करून लायसन्स घ्यावं, असं मला वाटतं. बॅचलर्स नंतर कमावता-कमावता ऑनलाइन पुरी करता येते, त्यासाठी वेगळे कार्यक्रम आहेत. मी सध्या तेच करतोय.

वाट कुठलीही घ्या, इंग्रजी आणि मानसशास्त्र आधी उरका, त्यांना सहसा मुदत नसते. ॲनाटॉमी शक्य तितकी उशिरा घ्या, फक्त मायक्रोबायॉलॉजीला तिचा पहिला भाग आधी लागतो का ते बघून. आणि प्रवेश कार्यालयाला लेखी विचारा की पाच वर्षं अर्जाच्या तारखेपर्यंत मोजतात की वर्ग सुरू होण्याच्या तारखेपर्यंत. माझ्या कॉलेजात या दोन तारखांमध्ये सात महिन्यांचं अंतर होतं.