दहा आठवड्यांची ऑनलाइन कथालेखन कार्यशाळा : माझा अनुभव

या कार्यशाळेत नाव नोंदवलं तेव्हा माझ्याजवळ सात कथा होत्या. सगळ्या वहीत हाताने लिहिलेल्या, आणि घराबाहेरच्या कुणी त्यातली एकही वाचलेली नव्हती. २६ वर्षं मी परिचारिका म्हणून काम केलं, रात्रपाळी संपली की जमेल तसं लिहीत आले. आपलं काहीतरी छापून यावं असं फार मनापासून वाटायचं; पण कथा पाठवायची कुठे, कशी, आणि पाठवल्यावर तिचं पुढे काय होतं, हे सांगणारं कुणी नव्हतं. कार्यशाळा संपून पाच महिने झाले. तेव्हाच लिहायला बसले असते तर भारावून नुसती स्तुती केली असती, म्हणून मुद्दाम थांबले.

आठवड्यातून एकदा दोन तासांचा वर्ग, तुकडीत १२ जण. पहिले सहा आठवडे लिहिणं आणि एकमेकांच्या कथा वाचणं, पुढचे चार प्रकाशनाविषयी. पहिल्या सहांसाठी मी कुणालाही नाव नोंदवा म्हणून सांगेन. नंतरच्या चारांतले तीन चांगले, एक वाया.

पद्धत अशी : ज्याची पाळी असेल त्याने कथा चार दिवस आधी सगळ्यांना पाठवायची. वर्गात चर्चा सुरू झाली की लेखकाने गप्प बसून ऐकायचं. अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठात १९३६ साली लेखन कार्यशाळा सुरू झाली, तिथल्या वर्गांमुळे ही रीत बऱ्याच ठिकाणी रुजली. लेखकाचं तोंड असं बंद करणं जाचक आहे, अशी टीकाही तिच्यावर होते. आमच्या मॅडमनी त्यावर चांगला मार्ग काढला होता. चर्चेआधी लेखकाने आपल्याला पडलेले दोन प्रश्न सांगायचे, आणि वाचकांनी आधी त्यांची उत्तरं द्यायची. शिवाय 'आवडलं' आणि 'नाही आवडलं' हे दोन्ही शब्द वर्गात बंद. वाचताना कुठे थांबलात, कुठे गोंधळलात, दुसऱ्या दिवशी काय आठवत होतं, एवढंच बोलायचं. एखाद्याने 'मी असतो तर असं लिहिलं असतं' म्हणून सुरुवात केली की मॅडम तिथेच थांबवायच्या.

माझी पाळी तिसऱ्या आठवड्यात आली. कथा होती १२ नंबरच्या खाटेवरच्या एका आजोबांची. मुलाचा फोन येईल म्हणून ते रात्रभर जागे असतात, आणि ड्यूटीवरची सिस्टर ते बघत असते. पहिली तीन पानं वॉर्डातली शांतता, बाहेरचा पाऊस आणि सिस्टरच्या लहानपणात गेली होती. चौघांनी आपापल्या शब्दांत तेच सांगितलं : मी खऱ्या अर्थाने चौथ्या पानापासून वाचायला लागलो. मला रडू आलं, कारण ती तीन पानं मी सगळ्यात जपून लिहिली होती. मॅडम म्हणाल्या, "ही पानं तुमची तयारी होती. ती लिहिल्याशिवाय तुम्ही चौथ्या पानावर पोचला नसता. पण वाचकाला थेट तिथे नेता येतं." ४,८०० शब्दांची कथा ३,१०० वर आली. आता वाचताना काहीही कमी झाल्यासारखं वाटत नाही.

त्या वर्गात त्यांनी विचारलेला एक प्रश्न मी कधीच विसरणार नाही. माझ्या कथेत 'तिला फार वाईट वाटलं' हे वाक्य पाच ठिकाणी होतं. त्यांनी विचारलं, "रुग्णाची नोंद करताना 'अस्वस्थ वाटतो' एवढंच लिहून तुम्ही पुढे जाता का?" कशी जाईन? तिथे मी लिहीन, रात्री दोनदा उठून बसला, पाणी मागितलं, प्यायला नाही. पुढच्या पाळीच्या सिस्टरला त्यावरून सगळं कळतं. इतकी वर्षं जे मी रोज करत होते, तेच कथा लिहिताना सोडून देत होते. त्या पाच वाक्यांच्या जागी एकच उरलं : सिस्टरने आजोबांच्या उशाचा मोबाइल उचलला, चार्जिंग पाहिलं, आणि स्क्रीन वर येईल असा पुन्हा ठेवला.

आता त्रुटी. १२ जण म्हणजे जास्तच. सहा आठवड्यांत प्रत्येकाला एकच पाळी मिळाली आणि सुधारलेली कथा पुन्हा सगळ्यांसमोर आलीच नाही. तुकडीत दोघे कवी होते, त्यांच्या वाट्याला मोजकीच मिनिटं आली; कविता लिहिणाऱ्यांनी दुसरं काही शोधावं. संपादकाचा लेखी अभिप्राय तीन आठवड्यांत देऊ असं कबूल केलं होतं, तो सहा आठवड्यांनी, दोनदा आठवण केल्यावर आला. अभिप्राय मात्र चार पानी आणि कसून वाचून दिलेला होता. त्यातली एक सूचना सोडून बाकी सगळ्या मी मान्य केल्या. शेवटचा परिच्छेद काढून टाका, असं त्यात होतं. तो मला प्रिय होता, म्हणून ठेवला.

प्रकाशनाच्या भागात पहिला वर्ग हस्तलिखित तयार करण्याचा. ओळींत दुप्पट अंतर, चारी बाजूंनी समास, प्रत्येक पानावर क्रमांक. कारण समजल्यावर ते ओझं वाटत नाही : संपादक ओळींच्या मधल्या जागेत खुणा करतो, तिथूनच ही सवय आली. त्याहून महत्त्वाचं म्हणजे प्रत्येक मासिकाचे नियम वेगळे, ते वाचून तसंच पाठवायचं. ३,००० शब्दांची मर्यादा असेल तिथे ३,१०० शब्दांची कथा पाठवायची नाही. सोबतचं पत्र चार-पाच ओळींचं, त्यात कथेचा अर्थ उलगडून सांगायचा नाही. कादंबरी असेल तर आधी पूर्ण लिहा, मग पाठवा. आणि सारांशात शेवटही सांगा. उत्सुकता राहावी म्हणून शेवट लपवणारे आमच्यात तिघे होते, मीही त्यात असते. पण गोष्ट शेवटपर्यंत टिकते का, हेच तर संपादकाला सारांशात पाहायचं असतं.

मॅडमनी एक साधा तक्ता करून घेतला : कथेचं नाव, कुठे पाठवली, कोणत्या तारखेला, कोणता खर्डा, उत्तर काय. एकच कथा एकाच वेळी अनेक ठिकाणी पाठवलेली काही मासिकांना चालते, काहींना अजिबात नाही. चालत असेल तिथेही, एकीकडे स्वीकारली गेली की बाकीच्यांना त्याच दिवशी कळवायचं. आणि आपणच आधी कथा सर्वांसाठी ऑनलाइन टाकली, तर ती छापून झालेली आहे असं बरेच संपादक धरतात.

हक्कांवरच्या वर्गासाठी या कार्यशाळेला मी मनापासून धन्यवाद देते. कथा चोरीला जाईल या भीतीने मी इतकी वर्षं वही कुणाला दाखवत नव्हते. लेखकांच्या हक्कांविषयीचा १८८६ चा आंतरराष्ट्रीय बर्न करार ज्या देशांनी मान्य केला आहे, तिथे लिहिता क्षणीच कॉपीराइट लेखकाचा होतो, त्यासाठी नोंदणीची अट नाही. आणि तो लेखकाच्या मृत्यूनंतर किमान ५० वर्षं टिकतो. आयएसबीएन, म्हणजे पुस्तकावर छापलेला ओळख क्रमांक, ही निराळी गोष्ट. २००७ पासून तो १३ अंकी आहे आणि तो फक्त पुस्तकाची ती आवृत्ती ओळखायला उपयोगी पडतो, मालकी सिद्ध करत नाही. करारात छापील पुस्तक, ई-पुस्तक, ऑडिओ, अनुवाद हे सगळे हक्क वेगवेगळे असतात. कोणता किती काळासाठी देतोय, पुस्तक बाजारात मिळेनासं झालं तर हक्क परत कधी येतात, हे सही करण्याआधी विचारायचं.

याच वर्गात आमच्यातल्या एका ताईंनी आपलं सांगितलं. कादंबरी छापून देतो म्हणून एका कंपनीने त्यांच्याकडून पैसे घेतले. संपादन असं झालंच नाही, पहिल्याच पानावर नायकाचं नाव चुकलेलं. ३०० प्रती त्यांच्याच घरी पलंगाखाली पडून आहेत, आणि हक्क दहा वर्षांसाठी कंपनीकडे. सांगताना त्यांचा आवाज कापत होता. प्रकाशक निवड करतो आणि खर्च स्वतः उचलतो. लेखकाकडे पैसे मागणारा खरं तर छपाईची सेवा विकत असतो, हे मॅडमनी त्यानंतर स्पष्ट मांडलं. स्वतः पुस्तक काढण्यात काहीच कमीपणा नाही, असंही त्या म्हणाल्या. मात्र मग संपादक, मुखपृष्ठ, मुद्रितशोधन हे सगळं आपण निवडायचं, हक्क आणि फायली आपल्याकडे ठेवायच्या. मागणी येईल तशी एकेक प्रत छापण्याची सोय आता आहे, त्यामुळे पलंगाखाली खोकी साठवण्याची वेळ येत नाही.

शेवटून दुसरा वर्ग सोशल मीडियावर वाचक कसे वाढवावेत यावर होता. दोन तास आकडे आणि वेळापत्रकं. ज्यांची एकही कथा अजून छापून आलेली नाही त्यांना हे कशाला? तो वेळ दुसऱ्या वाचनफेरीला द्यायला हवा होता. नाव नोंदवण्याआधी तुकडी केवढी असेल आणि सुधारलेली कथा पुन्हा वाचली जाईल का, हे जरूर विचारून घ्या.

माझी आजोबांची कथा आतापर्यंत तीन ठिकाणी गेली. दोन ठिकाणांहून ठरावीक नमुन्याचा नकार आला. तिसऱ्या संपादकांनी मात्र दोन ओळी लिहिल्या : कथा चांगली आहे, पण शेवटचा परिच्छेद सगळं समजावून सांगतो, तो काढणार असाल तर पुन्हा पाठवा. अभिप्रायाची ती चार पानं काढून मी पुन्हा वाचली. परिच्छेद काढला. आता उशाशी मोबाइलची स्क्रीन उजळते तिथे कथा संपते. बुधवारी पाठवली आणि तक्त्यात तारीख लिहिली.