डिह्युमिडिफायरसोबत एक पावसाळा

कोथरूडमधील आमच्या फ्लॅटच्या उत्तरेकडील खोलीत, कपाटामागच्या भिंतीवर, जुलै लागला की काळपट-हिरव्या ठिपक्यांची बुरशी चढते. तीन वर्षांत दोनदा पुट्टी खरवडून बुरशीरोधक रंग दिला. बाहेरून पाणी मुरते, असे रंगारी दोन्ही वेळा सांगून गेले आणि पुढच्या श्रावणात ठिपके दोन्ही वेळा परतले.

या वर्षी पुन्हा खर्च करण्यापूर्वी भिंतीवर वीतभर अ‍ॅल्युमिनियम फॉइल चारही कडांनी चिकटपट्टीने बंद करून दोन दिवस ठेवली. काढली तेव्हा तिची भिंतीकडची बाजू कोरडी होती आणि खोलीकडच्या बाजूवर बोटाने रेघ ओढता येईल इतके बारीक दव होते. याचा अर्थ, पाणी भिंतीतून झिरपत नव्हते, तर खोलीतल्या हवेतून भिंतीवर बसत होते. हवा २६ अंश आणि आर्द्रता ८५ टक्के असेल, तर सुमारे २३ अंशांच्या पृष्ठभागावर दव धरते. रात्रभर पावसाने भिजलेली बाहेरची भिंत तेवढी गार होऊ शकते. बुरशीला तर दवही लागत नाही, भिंतीलगतची आर्द्रता बरेच दिवस ८० टक्क्यांच्या वर राहिली तरी तिचे भागते.

म्हणून १२ लिटरचा डिह्युमिडिफायर, म्हणजे हवेतला ओलावा काढून घेणारे यंत्र, घेतला. हे १२ लिटर म्हणजे ३० अंश तापमान आणि ८० टक्के आर्द्रता धरून दिवसभरात निघणारे पाणी. आमच्याकडे बंद खोलीत रात्रीच्या आठ तासांत तीन लिटरच्या आसपास निघाले. वेगळ्या आर्द्रतामापकावर आकडा ८४ वरून ५८ वर यायला सुमारे तीन तास लागले. खिडकी उघडी ठेवून यंत्र चालवले, त्या दिवशी आकडा जागचा हलला नाही, कारण आपण साऱ्या कोथरूडची हवा सुकवू शकत नाही. यंत्र ५५ वर लावले की ते मधूनमधून थांबते. ४५ वर लावले तेव्हा अखंड चालत राहिले आणि विजेखेरीज काहीच जास्त खर्ची पडले नाही.

तक्रारी आहेत. टाकी दोन लिटरची असल्याने ती मध्यरात्रीच भरते आणि यंत्र पिरपिर वाजून थांबते. शेवटी नळी जोडून न्हाणीच्या जाळीत सोडावी लागली. कॉम्प्रेसरचा आवाज जुन्या फ्रिजसारखा आहे, आणि यंत्र उष्णताही बाहेर टाकत असल्यामुळे खोली एक-दोन अंशांनी तापते. ऑगस्टच्या गार रात्री हे चालून जाते, मे महिन्यात चालणार नाही.

यश एकट्या यंत्राचे नाही, हेही नमूद करायला हवे. कपाट भिंतीपासून चार बोटे पुढे ओढले, ओले कपडे खोलीत वाळत घालणे बंद केले आणि जुने ठिपके मास्क लावून साबणाच्या पाण्याने पुसले. गणपतीपर्यंत त्या भिंतीवर नवा ठिपका दिसला नाही आणि माळ्यावरच्या गोधड्यांचा कुबट वासही गेला.

खिडकीच्या वरच्या कोपऱ्यातला पिवळट डाग मात्र तसाच आहे. तिथे लावलेली फॉइल भिंतीकडून ओली निघाली. ते काम बाहेरच्या छज्जाच्या दुरुस्तीचे आहे आणि सोसायटीच्या पुढच्या सभेत मांडायचे आहे.