आंब्याची अढी की तयार पेटी?

एप्रिलमध्ये आमच्या घरी हा प्रश्न पडतोच: कच्चा हापूस आणून अढी लावायची, की पिकलेलाच घ्यायचा?

तयार आंब्याची सोय मोठी. आज आणला, संध्याकाळी रस. पाहुणे उद्या येणार असतील तर हाच मार्ग. विक्रेता मात्र खात्रीचा हवा. कॅल्शियम कार्बाइडने फळ पिकवायला कायद्याने बंदी आहे. इथिलीन वायू ठरावीक प्रमाणात चालतो.

अढीचं सुख वेगळंच. देठाजवळ खोलगट झालेली, खांदे भरलेली फळं निवडायची, भाताच्या पेंढ्यात एकमेकांना न चिकटता ठेवायची आणि वरून पुन्हा पेंढा. मग आठ-दहा दिवस वाट बघणं. तिसऱ्या-चौथ्या दिवशी खोलीचं दार उघडलं की वासाची पहिली चाहूल लागते. मुलं शाळेतून आल्यावर आधी तिकडेच धावतात. आजी मात्र कुणाला दाबून बघू देत नसे; फळ हलकेच उचलून नाकाशी धरायची आणि "अजून दोन दिवस" म्हणायची. ते दोन दिवस मला अजून आठवतात, आंब्यांइतकेच.

अढीत धोकाही आहे. एक फळ सडलं तर शेजारची जातात, म्हणून रोज पेंढा उचकावा लागतो. साका, म्हणजे आतला गर पांढरट आणि स्पंजासारखा होणं, तर कापल्याशिवाय कळत नाही, पण तो तयार फळातही निघतो.

घरात लहान मुलं असतील तर मी अढीच लावायला सांगेन. जागा नसेल तर दोन डझन फळं पुठ्ठ्याच्या खोक्यातही पिकतात. फ्रिजमध्ये मात्र पिकण्याआधी ठेवू नका.