ट्रायचं डीएनडी ॲप: अडवण्यात अडीच तारे, तक्रारीत चार

ट्राय ही दूरसंचार नियामक संस्था, आणि नको असलेले जाहिरातींचे फोन-मेसेज अडवायला तिचं डीएनडी, म्हणजे ‘डू नॉट डिस्टर्ब’ ॲप. ‘डीएनडी लावलंय, तरी फोन येतातच’ ही त्याबद्दलची नेहमीची ओरड. ती खोटी नाही. पण बहुतेक जण नोंदणी करून थांबतात, आणि या ॲपचा खरा उपयोग त्यानंतरच सुरू होतो.

नोंदणी पाच मिनिटांची. ॲप उघडा, नंबर टाका, ओटीपी द्या, मग बँकिंग, रिअल इस्टेट, शिक्षण, आरोग्य असे जे प्रकार नकोत त्यांवर खूण करा किंवा सरसकट सगळं बंद करा. दोन सिम असतील तर दोन्ही नंबर वेगवेगळे नोंदवावे लागतात. इथे हमखास एक राहून जातो. ॲप नको असेल तर इंग्रजीत ‘स्टार्ट’ लिहून पुढे एक जागा सोडा, शून्य टाका आणि १९०९ वर एसएमएस करा. पैसे पडत नाहीत. ओटीपी आणि खात्यातून पैसे गेल्याचे मेसेज यामुळे बंद होत नाहीत, ती भीती सोडा.

मग फोन येतात कुठून? नियम पाळणारा टेलिमार्केटर १४० ने सुरू होणाऱ्या नंबरवरून फोन करतो आणि आधी डीएनडी नोंदवलेल्यांची यादी तपासतो. त्रास देणारा एजंट साध्या दहा आकडी सिमवरून बोलतो. त्याने कुठलीच यादी पाहिलेली नसते. दुसरी वाट आपणच उघडलेली असते. कर्जाची तुलना करणाऱ्या साइटवर किंवा घरांच्या पोर्टलवर फॉर्मखालच्या चौकोनात आधीच खूण असते, तीच संमती धरली जाते. आणि व्हॉट्सॲपवरच्या जाहिराती या यंत्रणेत बसतच नाहीत.

एसएमएसचं मात्र बरं आहे. पाठवणाऱ्याच्या नावाच्या शेवटचं इंग्रजी अक्षर बघा: पी म्हणजे जाहिरात, एस म्हणजे सेवा, टी म्हणजे व्यवहार, जी म्हणजे सरकारी. सगळं बंद केल्यावरही, संमती दिली नसताना ‘पी’ आला तर बेधडक तक्रार करा. जाहिरातच ‘एस’च्या वेषात आली असेल तर तसं स्पष्ट लिहा, नाहीतर सेवेचा मेसेज म्हणून तक्रार निकालात निघू शकते.

तक्रारीची बाजू ट्रायच्या नियमांत फेब्रुवारी २०२५ मध्ये झालेल्या दुरुस्तीनंतर चांगलीच सुधारली. आधी ३ दिवसांत तक्रार करावी लागे, आता ७ दिवस मिळतात. टेलिमार्केटर म्हणून नोंदणी नसलेल्या नंबरवर कारवाईसाठी पूर्वी ७ दिवसांत १० तक्रारी लागायच्या, आता १० दिवसांत ५ पुरतात. पहिल्या वेळी त्याचं आउटगोइंग १५ दिवस बंद, पुन्हा केलं तर सगळ्या कंपन्यांची कनेक्शन वर्षभरासाठी बंद. सोसायटीतल्या दहा जणांना एकाच बिल्डरचा फोन येत असेल तर ग्रुपवर चिडके इमोजी टाकण्यापेक्षा पाच जणांनी तक्रार टाकावी. त्यासाठी आता डीएनडी नोंदणीचीही अट नाही.

लिहिताना ‘फालतू कॉल’ एवढंच लिहू नका. ‘ठाण्यातल्या टू बीएचकेची विक्री, साइट व्हिजिटचा आग्रह’ असं लिहा, प्रकल्पाचं नाव सांगितलं असेल तर तेही. तारीख कॉल लॉगमधून बघून टाका, आठवणीतून नको. फोन ज्या नंबरवर आला त्याच नंबरवरून तक्रार करा. हँडसेटमध्ये ब्लॉक केलं म्हणजे तक्रार झाली असं नव्हे. एजंट उद्या दुसरं सिम घालतो.

खटकणाऱ्या गोष्टी दोन. अँड्रॉइडवर ॲपला कॉल लॉग आणि एसएमएस वाचायची परवानगी लागते, कारण तक्रारीसाठी तीच यादी समोर येते. ते नको असेल तर १९०९ चा एसएमएस बरा: मजकूर, स्वल्पविराम, समोरचा नंबर, स्वल्पविराम, तारीख. दुसरी गोष्ट निकालाची. तक्रार क्रमांक मिळतो, पण शेवटी येणाऱ्या त्रोटक मेसेजवरून नेमकं काय केलं ते फारसं कळत नाही. पाचातला एक तारा तिथेच गेला.

केवायसी बंद पडेल, पार्सलमध्ये ड्रग्ज सापडले, असे फोन इथे टाकू नका. ते संचार साथी या सरकारी पोर्टलवरच्या ‘चक्षू’ या फसव्या फोनच्या तक्रार-सोयीकडे. आणि पैसे गेलेच असतील तर दोन्ही बाजूला ठेवून आधी सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, १९३० ला फोन.