खांद्याचा भार कमरेवर: स्प्रिंगच्या एक्झोस्केलेटनसह आठ शिफ्ट

आमच्या अंडरबॉडी लाइनवर गाडी डोक्यावर टांगलेली असते आणि तिच्या तळाचे बोल्ट मान वर करून, टॉर्क गनने आवळावे लागतात. चाकणच्या या कारखान्यात नऊ वर्षे हेच काम केल्यामुळे, चाचणीसाठी आलेले खांद्याचे एक्झोस्केलेटन, म्हणजे अंगावर बाहेरून चढवायची आधाराची चौकट, वापरून पाहण्याची संधी मला मिळाली तेव्हा मी ती आनंदाने घेतली. लाइनवर सगळे त्याला ‘जॅकेट’च म्हणतात. त्यात मोटार नाही, बॅटरी नाही; स्प्रिंग, दंडाखाली येणारे दोन पट्टे आणि कमरेचा रुंद पट्टा, एवढाच त्याचा संसार आहे.

हे जॅकेट हाताला ताकद देत नाही, तर हाताचे वजन स्वतःवर घेते, हे आधी समजून घेतले पाहिजे. ७० किलो वजनाच्या माणसाचा एक हात साधारण साडेतीन किलोचा असतो. तो समोर आडवा धरला की त्याचा गुरुत्वमध्य खांद्यापासून सुमारे ३० सेंटिमीटरवर येतो, म्हणजे हात रिकामा असला तरी खांद्याच्या स्नायूंना जवळपास १० न्यूटन-मीटरचे बल-आघूर्ण (हात खाली फिरवू पाहणारा जोर) सतत पेलावे लागते. त्याच लांब केलेल्या हातात दीड किलोची गन आली की हा भार जवळजवळ दुप्पट होतो. हात खाली असताना ताणलेली स्प्रिंग हात वर जाताना आपली ऊर्जा परत देते आणि दंडाखालून उचललेले वजन पाठीच्या चौकटीतून कमरेवर उतरवते.

पहिल्याच शिफ्टमध्ये फरक जाणवला. एरवी जेवणाच्या सुट्टीपर्यंत खांद्याच्या पुढच्या बाजूला जी ठसठस सुरू होते, ती त्या दिवशी चहाच्या दुसऱ्या सुट्टीपर्यंत आली नाही, आणि वरचा बोल्ट धरताना गनचे टोक थरथरले नाही. त्वचेवर इलेक्ट्रोड लावून स्नायूंची विद्युत हालचाल मोजणाऱ्या अभ्यासांतही, डोक्यावरच्या कामात डेल्टॉइडच्या, म्हणजे खांद्यावरच्या मोठ्या स्नायूच्या, पुढच्या भागाचे श्रम अशा साधनांमुळे कमी होतात, असेच दिसून आले आहे.

मात्र हात खाली आणताना हिशेब बदलतो. खाली पडलेला नट उचलायला मी वाकलो तेव्हा दंड आपोआप वर ढकलला जात होता आणि तो खाली दाबून धरण्यासाठी बगलेमागचे व दंडाच्या मागचे स्नायू वापरावे लागत होते. चेकशीटवर सही करतानाही तीच ओढ जाणवली. म्हणून केवळ डेल्टॉइडचा आकडा दाखवून साधनाची शिफारस करणे मला अपुरे वाटते. हात सतत वर राहणाऱ्या स्टेशनवर हा सौदा फायद्याचा आहे. जिथे दर मिनिटाला ट्रॉलीतून सामान काढावे लागते, तिथे तो तोट्यात जाऊ शकतो.

बसवण्याला फार महत्त्व आहे. जॅकेटचा सांधा खांद्याच्या सांध्याच्या रेषेत नसेल तर दंडाचा पट्टा सरकतो आणि काखेजवळ कातडी घासली जाते. दुसऱ्या दिवशी मला तेच झाले. पाठीची लांबी दोन खाचांनी वाढवल्यावर त्रास थांबला. स्प्रिंगचा जोरही कमीपासून सुरू करावा, कारण जास्त जोर म्हणजे जास्त आराम, असे नसते. मे महिन्याच्या उकाड्यात कमरेच्या पट्ट्याखाली घाम साचतो, त्याला मात्र मला उपाय सापडला नाही.

फोर्ड कंपनीने २०१८ मध्ये ७ देशांतील १५ कारखान्यांत एक्सोव्हेस्ट हे असेच साधन देण्याचे जाहीर केले, तेव्हा तिच्या काही कामगारांचे हात दिवसाला ४,६०० वेळा वर जातात, असे सांगितले होते. इतक्या वेळा वर जाणाऱ्या हाताला आधार मिळालाच पाहिजे, पण त्या आधाराच्या जोरावर सायकल टाइम, म्हणजे एका गाडीच्या कामाला मिळणारा वेळ, कमी करण्यात आला तर वाचलेले श्रम पुन्हा त्याच खांद्यातून वसूल होतील. आमच्या लाइनसाठी मी दोनच स्टेशनवर जॅकेट ठेवावे असे लेखी कळवले आहे, आणि त्याआधी गाडीची उंची कामगाराच्या उंचीनुसार बदलता येईल का, हेही विचारले आहे.